पणजोबांचे पदक आणि व्हर्नियर कॅलिपर

सातारा जिल्ह्यातील अपशिंगे हे गाव ‘मिलिटरी अपशिंगे’ म्हणून ओळखले जाते. पहिल्या महायुद्धात या एका गावातले 46 जण कामी आले. सातारा-सांगलीकडच्या पुष्कळ गावांनी त्या युद्धात माणसे पाठवली, आणि परतलेल्यांच्या घरी ट्रंकेच्या तळाशी किंवा देव्हाऱ्याच्या खणात आजही एखादे पदक सापडते. सराफ ते तागडीत टाकतो आणि चांदीचा भाव सांगतो. एखादा फिरता व्यापारी उलट ‘फार दुर्मिळ’ म्हणून तसलेच पदक पणतवाला भरमसाट किमतीला विकू पाहतो. यातला कोण किती खरे बोलतो, हे ठरवायला लागणारी बरीचशी साधने आपल्या शाळेच्या प्रयोगशाळेत आहेत.

सर्वात जास्त आढळते ते ‘ब्रिटिश वॉर मेडल’. एका बाजूला पाचव्या जॉर्जचे मस्तक, दुसऱ्या बाजूला घोडेस्वार. व्यास 36 मिलिमीटर, वजन साधारण एक ट्रॉय औंस, म्हणजे सुमारे 31 ग्रॅम. धातू स्टर्लिंग चांदी : हजारात 925 भाग चांदी, उरलेले तांबे. अशा चांदीची घनता दर घन सेंटिमीटरला सुमारे 10.4 ग्रॅम असते. ही घनता आपण मोजू शकतो. फीत सहज निघत असेल तर काढावी. ती जुन्या टाक्यांनी शिवलेली असेल तर मात्र उसवू नये, ती टाकेही पुराव्याचाच भाग आहेत. आधी पदकाचे वजन करावे. मग पाण्याचे चंचुपात्र इलेक्ट्रॉनिक तराजूवर ठेवून आकडा शून्य करावा आणि पदक दोऱ्याने पाण्यात पूर्ण बुडेल, पण तळाला टेकणार नाही असे धरावे. जो आकडा दिसेल तितके ग्रॅम पाणी पदकाने बाजूला सारले, म्हणजे तितकेच घन सेंटिमीटर त्याचे आकारमान. 31.1 ग्रॅमच्या खऱ्या पदकासाठी हा आकडा 3.0 च्या आसपास येतो. तांबे-निकेलच्या मिश्रधातूची घनता सुमारे 8.9 असल्याने त्याच वजनाला तो 3.5 येईल. तराजूत एक दशांश ग्रॅमची चूक धरली तरी हा फरक लपत नाही. पदकाला चिकटलेले हवेचे बुडबुडे मात्र झटकून टाकावेत.

घनता जुळली नाही म्हणजे पदक खोटेच, असे समजण्याची घाई करू नये. हेच पदक काशाचेही निघाले होते. चांदीची पदके सुमारे 65 लाख, तर काशाची जेमतेम 1 लाख 10 हजार. सैन्याबरोबर गेलेल्या पण हाती बंदूक नसलेल्या लोकांना, म्हणजे डोलीवाले, गाडीवान, सफाई कामगार, मजूर यांना काशाचे दिले गेले. साम्राज्याने माणसांची प्रतवारी धातूतही केली होती! सराफाच्या लेखी अशा पदकाची किंमत शून्य, संग्राहक मात्र ते चांदीच्या पदकाहून अधिक मोलाचे मानू शकतो.

उलट घनता जुळली म्हणून पदक 1919 सालचे ठरत नाही. आजच्या चांदीतही साचा भरता येतो. येथे व्हर्नियर कॅलिपर उपयोगी पडते. खरे पदक टांकसाळीत ठशाखाली दाबून केलेले असते. नकली बहुधा खऱ्या पदकाचा साचा घेऊन ओतलेले असते, आणि ओतलेली चांदी थिजल्यावर आणखी थंड होताना आकसते. चांदी दर अंशाला लांबीच्या सुमारे 19 दशलक्षांश भागाने आकसते. थिजल्यापासून खोलीच्या तापमानापर्यंत सुमारे 800 अंश उतरायचे, म्हणजे 36 मिलिमीटरच्या व्यासात जवळजवळ अर्धा मिलिमीटर घट. व्हर्नियरचे लघुतम माप 0.1 मिलिमीटर, तेव्हा ही घट स्पष्ट दिसते. शिवाय भिंगाखाली ओतकामाच्या पृष्ठभागावर बारीक छिद्रे आणि बोथट अक्षरे आढळतात.

पण सर्वात महत्त्वाची जागा म्हणजे पदकाची कड. तिच्यावर सैनिकाचा क्रमांक, हुद्दा, नाव आणि पलटण इंग्रजीत ठोकलेली असते. पदके लाखो, पण त्या क्रमांकाचे आणि नावाचे पदक एकच. म्हणून लबाडीही येथेच होते : जुने नाव कानशीने घासून काढायचे आणि मोठ्या लढाईतल्या पलटणीचे नाव घालायचे. यासाठी व्यास सहा-आठ दिशांनी मोजावा. कोठे तो कमी भरला, किंवा सगळीकडेच 36 पेक्षा कमी पण पृष्ठभाग उत्तम असला, तर कड घासलेली असण्याचा संभव आहे. नावाचे स्पेलिंग चुकलेले असणे हा मात्र दोष नव्हे. साहेबाच्या कारकुनाने कानाला आले तसे लिहिले. राजाचा गाल झिजलेला असणेही स्वाभाविक आहे. आपल्या घरांत चांदी राखेने नाहीतर दंतमंजनाने घासतात, त्यात उंच भाग आधी जातो. (हे घासणे आता थांबवावे. काळा थर चांदीच्या सल्फाइडचा आहे, तो पदकाला खात नाही. घासणे मात्र अक्षरे खाते.)

कड वाचताना थोडा इतिहास ठाऊक हवा. त्या युद्धात मराठा पलटणींचे क्रमांक 103, 105, 110, 114, 116 आणि 117 होते. 1922 मध्ये त्यांची ‘5 वी मराठा लाइट इन्फंट्री’ झाली. म्हणून पहिल्या महायुद्धाच्या पदकावर हे नवे नाव दिसले तर चौकशी करावी. मेसोपोटेमियात कुत-अल-अमारा येथे डिसेंबर 1915 पासून वेढ्यात सापडून 29 एप्रिल 1916 रोजी शरण गेलेल्या सैन्यात 103, 110 आणि 117 या पलटणी होत्या. 114 चे पदक कोणी ‘कुतचे’ म्हणून विकत असेल तर पुरावा मागावा. फितीवर ‘कुत’ अशी धातूची पट्टी असेल तर ती पुढे कोणीतरी जोडलेली आहे, कारण या पदकासाठी सैन्याच्या लढायांच्या पट्ट्या काढण्याचा बेत सोडूनच देण्यात आला होता.

दुसऱ्या महायुद्धातील पदकांना हे सगळे तितके लागू नाही. तारे पिवळ्या मिश्रधातूचे, ‘वॉर मेडल’ तांबे-निकेलचे, आणि पुष्कळांवर नावच नाही. त्यांच्या नकलाही सहज मिळतात. तेथे सैन्यातून सुटल्याचा दाखला आणि पेन्शनचे कागद यांनाच खरी किंमत.

आता भाव. 31 ग्रॅममध्ये शुद्ध चांदी सुमारे 28.7 ग्रॅम, तिला त्या दिवशीच्या दराने गुणले की मिळते ती पदकाची सर्वात खालची किंमत. त्याखाली कोणी मागत असेल तर तो फसवतो आहे. विटा-खानापूरकडचे गलाई व्यावसायिक देशभर सोने-चांदी गाळतात. टंच काढण्यात त्यांचा हात धरणारा नाही, पण मुशीला नाव वाचता येत नाही. जानेवारी 1980 मध्ये चांदी अचानक कडाडली, तेव्हा जगभर ही पदके वितळवली गेली. चांदीच्या वर किती, हे कडेवरचे नाव, पलटण, सोबतची इतर पदके आणि कागदपत्रे ठरवतात. त्यासाठी दुकानात मागितलेल्या किमती पाहू नयेत. लिलावात प्रत्यक्ष आलेल्या पाहाव्यात, आणि त्यातून लिलावगृहाचे कमिशन वजा करावे. लंडनचा भाव साताऱ्यात जसाच्या तसा लागू होत नाही, यालाही कारण आहे. 1972 च्या पुरावस्तू कायद्याप्रमाणे शंभर वर्षांवरील ऐतिहासिक वस्तू परवान्याशिवाय देशाबाहेर नेता येत नाही, आणि ही पदके आता त्या वयाला पोचली आहेत.

नाव पडताळायचे तर जिल्हा सैनिक कल्याण कार्यालय आणि बेळगावचे मराठा लाइट इन्फंट्रीचे केंद्र येथे विचारता येते. मृत सैनिकांची नावे राष्ट्रकुल युद्धसमाधी आयोगाच्या यादीत शोधावीत. सांगलीकरांनी एक ध्यानात ठेवावे : तासगाव, खानापूर, वाळवा हे तालुके तेव्हा सातारा जिल्ह्यात होते. 1949 मध्ये दक्षिण सातारा जिल्हा वेगळा झाला आणि 1960 मध्ये त्याला सांगली हे नाव मिळाले. म्हणून विट्याच्या पणजोबांचा जिल्हा जुन्या कागदात सातारा म्हणून शोधावा.