मालमोटारीचें डिझेल जातें कोठें?

आपल्या शाळेंत शिकणाऱ्या कित्येक मुलांच्या घरचा चरितार्थ मालमोटारीवर चालतो. कोणाचे वडील स्वतःच्या गाडीचे मालक आहेत, कोणाचे दुसऱ्याच्या गाडीवर चालक आहेत, तर कोणाचे बंधु गॅरेजांत फिटरचें काम करितात. अशा घरीं रोज एक प्रश्न निघतो: "गाडीनें ॲव्हरेज किती दिलें?" एका लिटर डिझेलमध्यें गाडी किती किलोमीटर चालली, याला आपल्याकडे ॲव्हरेज म्हणण्याचा प्रघात आहे. हा आंकडा दिसावयास लहान. परंतु गाडीच्या कर्जाचा हप्ता, चालकाचा पगार आणि मुलांची फी हीं सर्व त्याच्यावर अवलंबून असतात. तेव्हां तो आंकडा कशानें घटतो व कशानें राखतां येतो, याचा थोडा विचार आम्ही येथें करणार आहों.

प्रथम थोडें गणित करूं. एक गाडी महिन्यास ६,००० किलोमीटर चालते व लिटरास ४ किलोमीटर देते असें धरा. तिला १,५०० लिटर डिझेल लागेल. तीच गाडी ४.२ किलोमीटर देऊं लागली, तर सुमारें १,४२९ लिटर पुरेल. म्हणजे महिन्यास ७१ लिटरांची व वर्षास ८५० लिटरांहून अधिक बचत झाली. लिटरास ९० रुपये भाव धरिला, तर महिन्याचे सुमारें ६,४०० रुपये वांचले. लिटरामागें अवघे दोनशें मीटर वाढले, एवढीच काय ती गोष्ट! शिवाय एक लिटर डिझेल जळलें कीं सुमारें २.७ किलोग्रॅम कार्बन डायऑक्साइड वायु हवेंत मिसळतो. वांचलेल्या प्रत्येक लिटराबरोबर तेवढा वायुही हवेंत जावयाचा टळतो.

आतां इंजिनाकडे वळूं. डिझेल इंजिनांत इंधन पेटविण्यास ठिणगी लागत नाहीं. सिलिंडरांत नुसती हवा घेऊन पिस्टन तिला मूळच्या आकाराच्या सोळाव्या-सतराव्या हिश्श्यापर्यंत दाबतो. सायकलीला हवा भरतांना पंपाचें खालचें टोंक तापतें, हें मुलांनीं अनुभविलेंच असेल. त्याच कारणानें सिलिंडरांतील हवा ५०० अंश सेल्सियसच्या वर तापते. तींत डिझेलचा बारीक फवारा सुटतांच तो आपोआप पेट घेतो व पिस्टनला खालीं लोटतो. रुडॉल्फ डिझेल या इंजिनियरानें १८९७ सालीं जर्मनींतील औग्सबुर्ग येथें असें इंजिन यशस्वी करून दाखविलें. इंधनांतील सुमारें २६ टक्के उष्णतेचें त्यानें कामांत रूपांतर केलें. त्या काळच्या वाफेच्या इंजिनांना इतकें साधत नसे. आजच्या मालमोटारीचें चांगलें इंजिन ४० टक्क्यांच्या आसपास काम देतें. उरलेली उष्णता बहुतेक धुराबरोबर व इंजिन थंड ठेवणाऱ्या पाण्याबरोबर निघून जाते. ती सगळी अडविणें कोणालाही शक्य नाहीं. परंतु ४० टक्क्यांचें इंजिन आपल्या हयगयीनें ३६ टक्क्यांवर येऊं न देणें हें आपल्या हातीं आहे. निगा राखणें म्हणजे इंजिनाला नवी शक्ति देणें नव्हे. कारखान्यानें दिलेली शक्ति गळूं न देणें होय.

ही शक्ति चार गोष्टींवर अवलंबून असते: पुरेशी स्वच्छ हवा, बारीक फवारा, पुरता दाब आणि योग्य उष्णता.

पहिली गोष्ट हवा. एक लिटर डिझेल पुरें जळण्यास सुमारें १२ किलोग्रॅम, म्हणजे जवळजवळ दहा हजार लिटर, हवा लागते. दिवसाला ६० लिटर डिझेल जाळणारी गाडी निदान ६०० घनमीटर हवा ओढते. आठ मीटर लांब, सहा मीटर रुंद व चार मीटर उंच अशा वर्गाच्या तीन खोल्या भरतील इतकी ही हवा झाली. आणि प्रत्यक्षांत इंजिन याहूनही बरीच अधिक घेतें. ही सर्व हवा एका कागदी फिल्टरांतून गाळून आंत जाते. ऊसतोडणीच्या हंगामांत कच्च्या वाटांवर किंवा खडी-मुरमाच्या खेपांत हा फिल्टर लवकर धुळीनें भरतो. मग नाकातोंडावर फडकें घट्ट बांधून टेकडी चढणाऱ्या माणसासारखी इंजिनाची अवस्था होते. चढावर चालक अधिक डिझेल देतो, पण तें जाळण्यास हवा पुरत नाहीं, व तें काळ्या धुराच्या रूपानें बाहेर पडतें.

यावर उपाय सोपा आहे. मात्र तो अतिउत्साहानें करूं नये. फिल्टर जमिनीवर आपटल्यानें कागद फाटतो. फाटक्या कागदांतून धूळ आंत शिरते व पिस्टनच्या रिंगा आणि सिलिंडर घासून टाकते. कंपनीच्या पुस्तकांत साफ करण्याची मुभा असेल तरच कमी दाबाच्या हवेनें, आंतून बाहेरच्या दिशेनें फुंकावा. आंतील लहान फिल्टर साफ न करतां वेळ आली कीं बदलावाच. कित्येक गाड्यांत फिल्टरच्या डब्यावर एक दर्शक असतो. त्यांत तांबडी खूण दिसूं लागली म्हणजे फिल्टर तुंबला असें समजावें. टर्बोपासून इंजिनापर्यंत जाणाऱ्या रबरी नळ्या व त्यांच्या क्लिपाही पाहाव्या. तेथें चीर पडली तर दाबलेली हवा वाटेंतच निसटते.

दुसरी गोष्ट फवारा. नोझलचीं छिद्रें मिलिमीटराच्या पांचव्या-सहाव्या हिश्श्याएवढीं किंवा त्याहूनही लहान असतात. डिझेलमधील बारीक कचरा किंवा पाण्याचा थेंब यांचा या छिद्रांना व पंपाला मोठा अपाय होतो. म्हणून डिझेल फिल्टर नेमलेल्या किलोमीटरांवर बदलावा व त्याच्या तळाशीं सांचलेलें पाणी पुस्तकांत सांगितल्याप्रमाणें वेळोवेळीं सोडून द्यावें. नोझल झिजला म्हणजे फवाऱ्याच्या जागीं थेंब पडूं लागतात. भिजल्या लांकडाप्रमाणें ते पुरे जळत नाहींत. कांहीं सिलिंडरच्या भिंतीवरून उतरून खालच्या ऑईलांत मिसळतात व तें पातळ करितात. अशा एका नोझलमुळें डिझेल व ऑईल या दोहोंचाही नाश होतो. नोझलची परीक्षा तज्ज्ञाच्या यंत्रावरच करावी. तारेनें छिद्र कोरणें म्हणजे दुखऱ्या दांतांत खिळा घालण्यासारखें आहे.

तिसरी गोष्ट दाब. सिलिंडरचे व्हॉल्व्ह वेळेवर उघडले व पुरे मिटले तरच हवेवर पुरता दाब येतो. व्हॉल्व्ह आणि त्याला दाबणारा भाग यांमध्यें मिलिमीटराच्या कांहीं दशांशांपुरतेंच अंतर ठेविलेलें असतें. हें अंतर जुळविण्यास आपल्याकडे टॅपेट करणें म्हणतात. अंतर वाढलें तर व्हॉल्व्ह उशिरां उघडतो व लवकर मिटतो; फार कमी झालें तर तो पुरा मिटतच नाहीं, दाब निसटतो व व्हॉल्व्हची कड जळते. म्हणून पुस्तकांत दिलेल्या मापाची पट्टी घालून, बहुतेक कंपन्यांच्या नियमाप्रमाणें इंजिन थंड असतांना, हें काम करावें. ऑईलची पातळी पट्टीवरील दोन खुणांच्या मध्यें असावी. कमी ऑईल घातक आहेच, पण जास्त ऑईलही इंजिनाला घुसळावें लागतें व त्यांत शक्ति फुकट जाते.

चौथी गोष्ट उष्णता. इंजिनाचें पाणी सुमारें ८० ते ९० अंशांच्या दरम्यान असावें लागतें. तें राखण्याकरितां थर्मोस्टॅट नांवाचा एक लहान व्हॉल्व्ह असतो. आपला देश उष्ण, येथें याची गरज काय, असें म्हणून कित्येक ठिकाणीं तो काढून टाकितात. ही समजूत चुकीची आहे. थर्मोस्टॅट इंजिन तापवीत नाहीं. तें लवकर योग्य उष्णतेवर यावें व तेथेंच राहावें एवढेंच तो पाहतो. तो नसला तर पहांटेच्या थंडींत इंजिन फार वेळ गार राहतें, ऑईल जाड राहतें आणि डिझेल अधिक जळतें. गाडी तापत असेल तर रेडिएटर, पाण्याचा पंप व पंख्याचा पट्टा तपासावा. थर्मोस्टॅटाला शिक्षा करूं नये.

इंजिन निर्दोष असूनही बाहेरचे कांहीं दोष त्याची कमाई खातात. टायरांत हवा कमी असणें, ब्रेक चाकाला घासत राहणें, क्लच सरकणें हे त्यांतले मुख्य. मुक्कामीं पोंचल्यावर हाताचा पालथा भाग प्रत्येक चाकाच्या तुंब्याजवळ नेऊन पाहावा. स्पर्श मात्र करूं नये. एकच चाक इतरांहून फार तापलेलें आढळलें, तर तेथें ब्रेक धरीत आहे असा संशय घ्यावा. तसेंच मोठी मालमोटार उभ्या उभ्या चालू ठेविली, तर तासाला एका लिटरापासून तीन लिटरांपर्यंत डिझेल जातें. माल उतरेपर्यंत इंजिन बंद ठेवणें ही बिनखर्चाची काटकसर होय.

धूर पाहून रोग ओळखण्याची जुनी रीत आहे. काळा धूर म्हणजे हवा कमी किंवा डिझेल जास्त. निळा म्हणजे ऑईल जळत आहे. इंजिन तापल्यावरही पांढरा धूर राहिला तर डिझेल न जळतां बाहेर येत आहे किंवा पाणी आंत शिरत आहे. परंतु १ एप्रिल २०२० पासून आपल्याकडे भारत स्टेज ६ च्या नियमाप्रमाणें नव्या गाड्या येऊं लागल्या. त्यांच्या धुराड्यांत काजळी अडविणारा फिल्टर असल्यामुळें आंत बिघाड झाला तरी काळा धूर बहुधा दिसत नाहीं. अशा गाडींत समोरच्या तबकडीवरील इशाऱ्याचा दिवा हाच धूर समजावा; तो लागला असतां त्याची वायर तोडून समाधान मानूं नये. त्या गाड्यांना ऑईलही पुस्तकांत सांगितलेल्या प्रतीचेंच घालावें.

येथें एका नाजूक गोष्टीचा उल्लेख करणें आम्हांस अवश्य वाटतें. वरच्या उदाहरणांतील गाडी ४ वरून ३.६ किलोमीटरांवर आली, तर महिन्यास सुमारें १६७ लिटर डिझेल अधिक लागेल. एवढें डिझेल गेलें कोठें, असा प्रश्न मालकाच्या मनांत येतो, आणि पहिला संशय चालकावर जातो. डिझेल चोरणारे लोक जगांत नाहींत असें आम्ही म्हणत नाहीं. परंतु आमच्या परिचयाच्या एका मालकानें अकरा वर्षें नोकरींत असलेल्या चालकावर असाच संशय घेतला. त्या मनुष्यानें किल्ली टेबलावर ठेविली व तो निघून गेला. नवा चालक आला, तरी आंकडा तेथेंच राहिला. दोन महिन्यांनंतर फिटरानें टर्बोची एक नळी खालच्या बाजूनें चिरलेली दाखविली. नळी बदलतांच ॲव्हरेज पूर्ववत् झालें. मालकानें जुन्या चालकाला निरोप पाठविला. पण तो परत आला नाहीं. एका रबरी नळीच्या अपराधाबद्दल एका प्रामाणिक मनुष्याचें नांव गेलें.

हा अन्याय टळावा म्हणून एक साधी वही पुरते. टांकी तोंडापर्यंत भरून किलोमीटरचा आंकडा लिहावा. पुन्हां तशीच भरतांना किती लिटर लागले तें लिहावें. चाललेल्या किलोमीटरांना लिटरांनीं भागावें. एका खेपेवरून निर्णय करूं नये. कसारा किंवा खंडाळ्याचा घाट, जड माल, पाऊस, समोरचा वारा, यांनीं आंकडा हालतो. एकाच वाटेच्या, सारख्या मालाच्या चार-पांच खेपांची सरासरी पाहावी. आंकडा हळूहळू उतरत असेल, तर फिल्टर, नोझल, टॅपेट यांकडे पाहावें. एकाएकीं पडला असेल, तर नळी, ब्रेक व टांकीची गळती आधीं तपासावी. मनुष्याला दोष देण्यापूर्वीं यंत्राची साक्ष घ्यावी.

बाजारांत डिझेलमध्यें टाकण्याच्या गोळ्या, नळीला लावण्याचीं लोहचुंबकें आणि तशींच इतर साधनें विकण्यास येतात. अमेरिकेच्या सरकारी पर्यावरण संरक्षण संस्थेनें इंधन वांचविण्याचा दावा करणारीं शंभराहून अधिक साधनें तपासलीं. फारच थोड्यांपासून कांहीं लाभ आढळला, आणि तोही अल्पच. त्या पैशांत एक चांगला फिल्टर येतो.

विद्यार्थिमित्रहो, या कामांत तुमचाही वांटा आहे. तुम्हांला पाना धरतां येत नसेल, पण भागाकार येतो. घरीं गाडी असेल तर वहीचें पहिलें पान आजच आंखा. पांच रकाने पुरेत: तारीख, किलोमीटरचा आंकडा, भरलेलें डिझेल, वाट व माल, आणि त्या दिवशीं इंजिनावर झालेलें काम. प्रत्येक आठवड्यास सरासरी काढा व तें पान मालक आणि चालक या दोघांनाही दाखवा. दोघे एकाच पानावर बोट ठेवून बोलूं लागले, म्हणजे दोष कोठें आहे तें शोधणें पुष्कळ सोपें होतें.