रिकामा वाफा आणि पुढील हंगाम

टोमॅटोचे पीक निघाले म्हणजे वाफ्याचे काम संपले, असे वरवर पाहणाऱ्यास वाटते. वस्तुतः पुढील पिकाचे यशापयश पुष्कळसे याच काळात ठरत असते.

पाने हिरवी असतानाच झाड एकाएकी कोमेजले, तर खोड कापून त्याचे टोक स्वच्छ पाण्यात धरून पाहावे. काही मिनिटांत दुधासारखा स्राव खाली उतरू लागल्यास तो जीवाणूजन्य मर रोग होय. त्याचे जीवाणू जमिनीत दीर्घकाळ टिकतात. वांगी, मिरची व बटाटा ही टोमॅटोच्याच कुलातील पिके; रोगट वाफ्यात ती लावणे म्हणजे शत्रूस शिधा पुरविणे होय. म्हणून वाफ्यांचा आराखडा वहीत काढून ठेवावा आणि अशा जागी मका किंवा ज्वारी घ्यावी.

कडक उन्हाळ्याच्या प्रदेशांत एप्रिल-मेचे ऊनही कामी येते. सपाट, ओलसर मातीवर पारदर्शक प्लास्टिकचा कागद घट्ट अंथरून कडा मातीने बुजवाव्यात. चार ते सहा आठवड्यांत उष्णतेने पुष्कळशा बुरशी, सूत्रकृमी व तणांचे बी नष्ट होते. इस्रायलमधील याकोव कातान व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७६ मध्ये ही पद्धती प्रसिद्ध केली.

वाणाची निवडही आधीच करावी. बंगळूरच्या भारतीय बागवानी संशोधन संस्थेचा 'अर्का रक्षक' हा संकरित वाण मर रोगास प्रतिकार करतो. रोपे तयार होण्यास सुमारे २५ ते ३० दिवस लागतात. तेव्हा लावणीच्या तारखेपासून मागे मोजून पेरणीचा दिवस ठरवावा.