एक्सेलमध्ये पेस्ट करताना फक्त आकडेच कसे येतील?

एक्सेलमध्ये कंट्रोल-व्ही दाबलं की आकड्यांसोबत मूळ रंग, फॉन्ट आणि चौकटीही येतात, आणि नीट मांडलेला तक्ता विस्कटतो. 'पेस्ट स्पेशल'मधून फक्त व्हॅल्यूज पेस्ट करण्याचा मॅक्रो रेकॉर्ड करून 'पर्सनल मॅक्रो वर्कबुक'मध्ये ठेवला आणि त्याला कंट्रोल-व्ही हाच शॉर्टकट दिला, तर त्या कॉम्प्युटरवरच्या सगळ्या फाइल्समध्ये नुसते आकडेच येतात.

पण गोम इथेच आहे. मॅक्रोने केलेला बदल कंट्रोल-झेडने मागे घेता येत नाही. त्याआधीचे बदलही अनडू होत नाहीत. पगारपत्रकाच्या भरलेल्या रकान्यावर चुकून पेस्ट झालं, तर सेव्ह न करता फाइल बंद करणं एवढंच हाती उरतं. म्हणून मॅक्रोला वेगळा शॉर्टकट दिलेला बरा. मायक्रोसॉफ्ट ३६५ असेल तर तीही खटपट नको: तिथे कंट्रोल-शिफ्ट-व्ही हेच काम करतं, आणि ते अनडूही होतं.