धान्याचे जहाज ‘सज्ज’ केव्हा ठरते?

आपल्या शिवारातील मका बाजार समितीत विकला गेला म्हणजे त्याचा प्रवास संपला, असे नव्हे. परदेशी जाणाऱ्या धान्यास पुढे बंदर गाठावे लागते, आणि तेथे एका लहानशा कागदावर मोठ्या रकमेचा हिशेब अवलंबून असतो. जहाज भाड्याने घेणाऱ्या व्यापाऱ्यास कप्तानाने दिलेली ‘जहाज भरणीस सज्ज आहे’ ही सूचना, तोच हा कागद होय.

सूचना पोहोचल्यावर, करारात ठरलेल्या वेळेपासून, भरणीची मुदत मोजली जाऊ लागते. मुदत उलटली की व्यापाऱ्यास दिवसागणिक डेमरेज भरावे लागते. रेल्वेच्या मालधक्क्यावर वॅगन अडकून पडल्यास बसतो, तसाच हा भुर्दंड; आणि असा खर्च पुढील खरेदीचा भाव ठरविताना कोणताही व्यापारी विसरत नाही.

साहजिकच जहाजमालकास सूचना देण्याची घाई असते. परंतु जहाज ठरल्या ठिकाणी पोहोचलेले असावे आणि त्याची कोठारे माल घेण्यास खरोखर तयार असावीत, अशा दोन्ही अटी त्यास पाळाव्या लागतात.

दुसऱ्या अटीचा प्रसिद्ध दाखला ‘त्रेस फ्लोरेस’ या जहाजाचा आहे. नोव्हेंबर १९७० मध्ये मका भरण्यासाठी आलेल्या या जहाजाने सज्जतेची सूचना दिली. काही दिवसांनी तपासनीसांनी कोठारे उघडून पाहिली, तो आत कीड! धुरी देण्याचे काम अवघ्या काही तासांचे होते, ते झालेही. तरीही १९७३ मध्ये इंग्लंडच्या अपील न्यायालयाने ती सूचनाच निरर्थक ठरविली. सूचना देण्यापूर्वी कोठारे स्वच्छ, कोरडी व निर्गंध करावीत, असे करारात स्पष्ट होते. ‘पुढे सज्ज होऊ’ म्हणणे म्हणजे सज्जता नव्हे. मधल्या दिवसांचा तोटा मालकाच्या माथी आला. अशी अकाली सूचना पुढे आपोआप वैध होत नाही, हेही त्याच न्यायालयाने १९९० मधील दुसऱ्या एका प्रकरणात सांगितले.

सोंडे आणि टोके यांचा उपद्रव आपल्याला नवा नाही. जहाजास जी तपासणी लागते, तीच गावच्या गोदामास आणि माल नेणाऱ्या ट्रकलाही लागू पडते. ग्रामसेवकांनी खळ्यावरील धान्य हलविण्यापूर्वीच रिकाम्या गोदामाच्या भिंतींतील भेगा, कोपऱ्यांतील जुने दाणे आणि वापरलेल्या पोत्यांच्या शिवणी शेतकऱ्यांसमक्ष तपासून घ्याव्यात. कीड दिसल्यास धान्य आत नेण्याची तारीख पुढे ढकलावी.