इंग्रजी येतंय, मग अडतंय कुठं?



मागच्या महिन्यात आमच्या बचत गटाच्या मीटिंगला एक वहिनी मोबाईल पुढे करतच आल्या. त्यांची मुलगी बारावी झालेली, इंग्रजी माध्यमातली, फाडफाड इंग्रजी बोलते. मोबाईलवर जाहिरात होती: इंग्लंडमध्ये म्हाताऱ्या माणसांची देखभाल करायची, पगार महिना २ लाख, शिक्षणाची अट नाही, फक्त इंग्रजी आलं पाहिजे. खर्च १२ लाख, त्यातले २ लाख आठ दिवसांत भरायचे. वहिनींचं म्हणणं, गटानं ५० हजार द्यावेत, बाकीचं मी सोनं तारण ठेवून बघते. "इंग्रजी येतंय की तिला, मग अडतंय कुठं?"

त्या प्रश्नाचं उत्तर आज सगळ्यांनाच सांगते, कारण अशा जाहिराती आता गावोगाव फिरताहेत.

पहिली गोष्ट, ते काम अगदीच हवेतलं नव्हतं. २०२२ साली ब्रिटननं देखभालीच्या कामासाठी बाहेरच्या माणसांना व्हिसा द्यायला सुरुवात केली आणि आपल्या देशातल्याही पुष्कळ बायका तिकडे गेल्या. त्यातल्या काहींना कामाच्या कागदासाठी एजंटाला लाखो रुपये मोजावे लागले आणि तिथं पोचल्यावर काम पुरेसं मिळालंच नाही. पुढे २२ जुलै २०२५ पासून ब्रिटननं या कामासाठी परदेशातून नवीन माणसं घेणं बंद केलं. वहिनींच्या मोबाईलवरची जाहिरात त्याच्यानंतरची. म्हणजे दुकान बंद झालंय आणि हा माणूस बाहेर उभा राहून माल विकतोय.

आता इंग्रजीचं. इंग्लंडात इंग्रजी बोलणाऱ्यांचा तोटा नाही. तिकडे बोलावतात ते हातातल्या कामासाठी. नर्सचंच घ्या. आधी जीएनएम किंवा बीएस्सी नर्सिंग, मग महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलची नोंदणी, मग इंग्रजीची परीक्षा. आयएल्ट्स नावाची परीक्षा दिली, तर ब्रिटनच्या नर्सिंग नोंदणीसाठी वाचणं, ऐकणं, बोलणं यात ९ पैकी ७ आणि लिहिण्यात साडेसहा लागतात. घरात चांगलं बोलता येतं एवढ्यावर ते जमत नाही, शिकवणी लावून अभ्यास करावा लागतो. आणि जर्मनीला तर इंग्रजीचा फारसा उपयोगच नाही. फेब्रुवारी २०२४ मध्ये महाराष्ट्र सरकारनं जर्मनीतल्या बाडेन-वुर्टेम्बर्ग राज्याशी कुशल माणसं पाठवण्याचा करार केला. पण तिथं पूर्ण नर्स म्हणून उभं राहायचं तर साधारणपणे जर्मन भाषेची बी-टू पातळी लागते. आखातात दवाखान्यात इंग्रजी चालतं, घरकामाला मात्र हिंदी आणि कानावर पडून शिकलेली अरबीच उपयोगी पडते.

मग इंग्रजी कशाला? कामाचा करार वाचायला. माझ्या मते सगळ्यात मोठा उपयोग हाच.

आपल्या शिराळ्याला परगावी जाऊन कमावणं नवीन नाही. आपले सासरे, चुलते मुंबईला गिरणीत गेले, माथाडीत गेले. कुणी कागद वाचला होता? गाववाल्याची खोली होती, खानावळ होती, आणि नाहीच जमलं तर रात्रीच्या एसटीनं सकाळी घरी. परदेशात ती खोली नाही आणि ती एसटीही नाही. पासपोर्ट मालकानं काढून घेतला तर बाईला दारापर्यंत जाता येत नाही. दुबई, कतारकडे असा पासपोर्ट ठेवून घेणं कायद्यानं गुन्हा आहे, तरी ते घडतं. म्हणून गाववाल्याच्या जागी इथं कायदा धरायचा.

हा कायदा १९८३ चा. जी बाई दहावी पास नाही, तिच्या पासपोर्टवर ईसीआर असा शेरा असतो. आखाती देश, मलेशिया असे एकूण १८ देश ठरलेत. तिथं कामाला जायचं तर अशा बाईला सरकारची परवानगी लागते, वय ३० पूर्ण लागतं आणि करार तपासला जातो. प्रवासी भारतीय विमा योजनाही काढावी लागते. दोन वर्षांचे २७५ रुपये आणि वर कर, अपघाती मृत्यू झाला तर घरच्यांना १० लाख. एजंट काय करतो, हे सगळं चुकवायला बाईला फिरायच्या व्हिसावर पाठवतो. व्हिसावर काय लिहिलंय ते वाचून घ्या. पर्यटक किंवा भेट असं असेल, तर तिथं पोचल्यावर तिचं काम बेकायदा ठरतं, आणि मालकाला तेच हवं असतं.

दहावी पास झालेल्यांना ही परवानगी लागत नाही. ऐकायला बरं वाटतं. पण त्याचा दुसरा अर्थ असा की तुमच्या मुलीचा करार सरकारी माणूस बघणार नाही. शिकलेल्या मुलीनं स्वतःच बघायचा: मालकाचं नाव आणि पत्ता, पगार कुठल्या चलनात, कामाचे तास, सुट्टी, राहायची सोय, परतीचं तिकीट कुणाचं. (नर्सचं थोडं वेगळं आहे. आखातात जाताना त्यांना दहावी-बारावी झाली तरी सरकारी परवानगी लागते, आणि त्यांना तिकडे नेण्याची मुभा सरकारनं ठरवून दिलेल्या मोजक्या संस्थांनाच आहे.)

आता एजंट. परदेशात नोकरीला माणसं पाठवणाऱ्याकडे परराष्ट्र मंत्रालयाची नोंदणी लागते. तिचा नंबर जाहिरातीत असला पाहिजे, आणि तो ई-मायग्रेट या सरकारी वेबसाइटवर कुणालाही तपासता येतो. त्यानं आपल्याकडून घ्यायची फी जास्तीत जास्त ३० हजार आणि वर जीएसटी, तीही पावती देऊन. म्हणजे १२ लाखांचा आकडा ऐकला तिथंच उत्तर मिळालं. शंका असेल तर सरकारचा मोफत फोन आहे, १८००-११-३०९०.

वहिनींच्या मुलीनं त्या माणसाकडे नोंदणी नंबर मागितला. "आमची कंपनी मोठी आहे, आम्हाला नंबर लागत नाही," असं तो म्हणाला. दुसऱ्यांदा मागितल्यावर फोन उचलला नाही. वहिनी दोन दिवस माझ्यावर रुसल्या होत्या. मी हातातला घास काढला असं त्यांना वाटलं, आणि त्यांचंही चूक म्हणवत नाही, लेकीचं बस्तान बसावं म्हणून कोण नाही धडपडत?

मुलगी कला शाखेची आहे. बारावीला इंग्रजी विषय आणि ४० टक्के असले, तर जीएनएमला कलेच्या मुलींनाही प्रवेश मिळतो, हे तिला माहीतच नव्हतं. तीन वर्षं लागतील म्हटल्यावर वहिनींनी कपाळाला हात लावला. पण ५० हजारांचा अर्ज त्यांनी परत नेला नाही. कारणाच्या रकान्यात विमान खोडून कॉलेजची फी लिहिलीय, आणि येत्या मीटिंगला आम्ही तो मंजुरीला घेतोय.