मागच्या ड्रमला डिस्क बसवण्याआधी

निर्ण्याला आमच्या काकांकडे जुना पिकअप आहे. पुढे डिस्क, मागे ड्रम. यंदा चुलतभावाने ठरवलं की मागेही डिस्क बसवायच्या. हुमनाबादला मेकॅनिक तयार आहे, भंगारातून सामानही मिळतंय. मला विचारलं गेलं, कारण मी बी.ई. मी सॉफ्टवेअरवाला, पण गावाकडे ही डिग्री पंपापासून पिकअपपर्यंत सगळ्याला लागू होते!

चुलतभावाची कारणं खोटी नाहीत. पावसाळ्यात काळ्या रानातून गाडी काढली की ड्रममध्ये पाणी आणि चिखल शिरतो, मग पहिले एकदोन ब्रेक लागतच नाहीत. डिस्क उघडी असते, पाणी झटकून टाकते. लांब उतारावर ड्रम तापून फुगतो, लायनरपासून दूर सरकतो आणि पेडल खाली जातं. डिस्क लवकर निवते.

पण काकांची तक्रार वेगळीच होती. "भरलेली गाडी मुकाट थांबती. रिकामी असली की मागून नाचती."

खरी गोष्ट इथे आहे. ब्रेक दाबला की गाडीचं वजन पुढे झुकतं. रिकाम्या पिकअपचं मागचं टोक आधीच हलकं, त्यात ते आणखी हलकं होतं. मागची चाकं पुढच्यांच्या आधी जाम झाली की गाडी आडवी फिरते. म्हणजे मागचा ब्रेक कमी पडत नाही, रिकाम्या गाडीला तो जास्त होतो. तिथे नुसती जोरदार डिस्क बसवली तर नाच वाढेल. म्हणून बऱ्याच पिकअपला मागे लोड सेन्सिंग व्हॉल्व्ह असतो. ॲक्सलला जोडलेल्या दांडीवरून त्याला ओझं कळतं आणि तो मागचा दाब कमीजास्त करतो. तो गंजून अडकला असेल, तर आधी तो बघायचा. डिस्क बसवल्यावर त्याची जुळवणी पुन्हा करावीच लागते.

ड्रममध्ये फिरणारा ड्रम एका शूला स्वतःच आत खेचतो, त्यामुळे कमी जोरात काम होतं. डिस्कला ही फुकटची मदत नाही, तेलाचा दाब जास्त लागतो. म्हणून मास्टर सिलिंडर आणि बूस्टर तपासायचे. ड्रमच्या लाइनमध्ये थोडा दाब धरून ठेवणारा छोटा व्हॉल्व्ह असू शकतो. तो तसाच राहिला तर पॅड डिस्कला घासत राहतात आणि चाक तापतं.

हँडब्रेकचा विचार तर बहुतेक जण शेवटी करतात. विलीज घडणीच्या जुन्या जीपला तो मागच्या शाफ्टवर असायचा, तिथे अडचण नाही. बाकी गाड्यांत तो मागच्या ड्रममध्येच असतो. ड्रम गेला की तोही गेला. मग हँडब्रेकची तरफ असलेला कॅलिपर शोधा, किंवा आत छोटा ड्रम असलेली डिस्क.

आठ वर्षांपुढच्या मालवाहू गाडीला दरवर्षी फिटनेस लागतं, तिथे ब्रेक बघतात. गाडीतल्या बदलांसाठी मोटार वाहन कायदा, १९८८ चं कलम ५२ आहे. आरटीओ आणि विमावाल्यांना सामान घेण्याआधी विचारलेलं बरं.

मी चुलतभावाला सांगितलं: आधी ड्रम उघड, व्हील सिलिंडर गळतंय का बघ, लायनर आणि तेल बदल, व्हॉल्व्ह मोकळा कर. जुन्या लायनरमध्ये ॲस्बेस्टॉस असू शकतं, त्याची धूळ कॉम्प्रेसरने उडवू नकोस, ओल्या फडक्याने पूस. एवढं करूनही डिस्क हवीच असेल, तर पहिली चाचणी रिकाम्या गाडीने, मोकळ्या सपाट जागेवर, कमी वेगात. मागची चाकं आधी जाम झाली, तर गाडी रस्त्यावर काढायची नाही.