वाशिम की वाशीम? सर्व्हरमागच्या कोडविषयी काही गैरसमज

एकाच गावाची दोन नावे दिसली की डेटा भरणाऱ्याची चूक झाली, असे सहसा मानले जाते. वाशिम जिल्ह्याचे नाव मात्र ‘वाशिम’ आणि ‘वाशीम’ असे दोन्ही प्रकारे छापले जाते. युनिकोडमध्ये ह्रस्व आणि दीर्घ वेलांटी ही वेगळी चिन्हे असल्याने संगणकाला हे दोन शब्द भिन्नच वाटतात. युनिकोडचे प्रमाणीकरण (एनएफसी) ते एक करत नाही. त्यासाठी पर्यायी नावांचा छोटा तक्ता ठेवावा लागतो.

‘शेतकऱ्यांची’ हा शब्द अधिक फसवा. यातला ऱ एकसंध चिन्हाने किंवा र आणि नुक्ता जोडून लिहिता येतो. हा फरक एनएफसी एका ओळीत मिटवते. पण अनेक जण र, हलन्त आणि अदृश्य ‘झिरो विड्थ जॉइनर’ वापरून तेच रूप टंकतात. ते एनएफसीच्या हाती लागत नाही. अदृश्य चिन्ह नुसते पुसले तर ‘र्य’ असा रफार उमटतो, म्हणजे औषधच रोगापेक्षा वाईट. त्या र आणि जॉइनरच्या जागी ऱ बसवणारी ओळ स्वतंत्रपणे लिहावी लागते.

मराठी अंक आधी इंग्रजी करावेच लागतात, हेही अर्धसत्य. ‘४४४५०५’ हा वाशिमचा पिनकोड पायथनचे ‘इंट’ थेट संख्येत बदलते. जावास्क्रिप्टचे ‘नंबर’ तेथे हात टेकते. मराठीसाठी मायएसक्यूएलमध्ये ‘यूटीएफ-८ एमबी-४’ अनिवार्य असते, हेही खरे नाही. मराठीला लागणारे देवनागरीचे प्रत्येक चिन्ह तीन बाइटांत मावते. चौथा बाइट लागतो तो बहुतेक इमोजींना. ‘वाशिम’मध्ये तीन अक्षरे दिसली तरी चिन्हे ५ आणि बाइट १५ असतात. म्हणून बाइट मोजून मजकूर कापला तर अक्षर मध्येच तुटू शकते.

सर्वांत महागात पडणारा गैरसमज म्हणजे तालुक्याचे नाव हीच त्याची ओळख, हा. वाशिम जिल्ह्याच्या सहा तालुक्यांपैकी मालेगावचा नामसखा नाशिक जिल्ह्यात, तर कारंजाचा वर्धा जिल्ह्यात आहे. त्यामुळे नावावरून तक्ते जोडणारी क्वेरी नोंदींची सरमिसळ करते. पंचायती राज मंत्रालयाच्या ‘लोकल गव्हर्नमेंट डिरेक्टरी’तले संकेतांक यासाठीच असतात. पण केवळ आजचा संकेतांकही पुरत नाही: १ जुलै १९९८ रोजी अकोल्यातून वाशिम जिल्हा वेगळा झाला. त्याआधीच्या कागदावरचा ‘जिल्हा अकोला’ चुकीचा नव्हे. तक्त्यात ‘कधीपासून’ आणि ‘कधीपर्यंत’ असे दोन स्तंभ ठेवले, की कागदाच्या तारखेवरून योग्य जिल्हा एका अटीत निघतो.